पोरांसोबत घरीच रोल-प्लेइंग गेम खेळायचा आहे, सुरुवात कशी करू?

कूलरसमोर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही. आम्ही नागपूरला प्रतापनगरात राहतो. मुलगा १२ चा, मुलगी ८ ची, सासूबाई सोबत असतात. मे महिन्यात इथे काय असतं ते नागपूरकरांना सांगायला नको, पारा ४५ च्या वर, सकाळी ११ पासून संध्याकाळी ६ पर्यंत पोट्टे घरात कोंडलेले आणि घरात म्हणजे मोबाईलमध्येच.

मागच्या आठवड्यात माझा मामेभाऊ पुण्याहून आला होता, त्याने एका दुपारी मुलांना रोल-प्लेइंग गेम खेळवला. मोबाईलवरचा नाही, टेबलावरचा. बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत, कागद पेन्सिल आणि एक वीस बाजूंचा फासा. तो गोष्ट सांगायचा, "समोर पडका पूल आहे, खाली नदी, काय करता?" आणि पोरं सांगायची आपण काय करतो ते, अवघड काही असलं की फासा टाकायचा आणि आकडा पुरेसा आला तर जमलं, नाही तर भलतंच काहीतरी व्हायचं. चार तास, खरंच चार तास कोणी मोबाईल मागितला नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकून राहिली होती आणि माझी पोरगी चक्क एका राक्षसाशी भाव करून राहिली होती.

भाऊ परत गेला, फासा आणि चार कागद ठेवून गेला. रविवारी मी स्वतः खेळवायला बसली आणि सगळं बिघडलं. दर वेळी फासा कमीच पडायचा, शेवटी मुलीच्या परीला मार लागून तिचे पॉइंट शून्य झाले, मुलगा म्हणाला "तू मेली नं आता, गप बस", ती रडत आजीकडे. सासूबाई म्हणाल्या, फाशांनी आजवर कोणाचं भलं झालं का.

तर विचारायचं होतं की ८ वर्षं हे वय लहान आहे का? मारामारी ठेवायची की नाही? मोठा धाकटीला बोलूच देत नाही त्याचं काय करायचं? आणि हे सगळं मराठीतून कोणी खेळतं का? मला हे मनापासून जमवायचं आहे.

वीस_बाजू

आधी अभिनंदन, मे महिन्यात चार तास मोबाईलविना म्हणजे मोठी गोष्ट आहे. मी कॉलेजपासून खेळून राहिलो, आता घरी १० वर्षांच्या मुलासोबत खेळतो.

भावाने खेळवला तो बहुतेक डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढला. त्याआधी शौकीन लोक टेबलावर लढाया खेळायचे, एकेकाकडे अख्खं सैन्य. या दोघांनी एका खेळाडूला एकच माणूस दिला आणि विचारलं, हा आता काय करेल? सगळा खेळ त्या प्रश्नावर उभा आहे. मारामारी ही जुन्या घराण्याची खूण म्हणून राहिली, ती कमी केली तरी खेळ पडत नाही.

२०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. फुकट उतरवा, मराठीत करा, वाटा, श्रेय दिलं म्हणजे झालं. पण ती ४०० च्या आसपास पानं आहेत, ८ वर्षांच्या मुलीसमोर ती काढू नका. तिच्या कागदावर नाव, चित्र, चांगल्या जमणाऱ्या दोन गोष्टी आणि एक भीती, एवढं लिहा. पहिल्या महिन्यात बाकी काही लागत नाही.

तर्री_जास्त

कागद लिहायच्या आधी तर्री पोहे खाऊन हात धुऊन घ्या. आमच्या घरच्या योद्ध्याच्या कागदावर तर्रीचा डाग पडला, आता तो त्याचा जखमेचा व्रण आहे.

गणिताची_वही

@कूलरसमोर, तुम्ही मुलीला फाशावर किती आकडा मागत होत्या ते सांगा. मला वाटतं रडण्याचं मूळ तिथे आहे.

कूलरसमोर

१५. भावाच्या कागदावर "मध्यम अवघड = १५" लिहिलं होतं तेच धरून चालली.

गणिताची_वही

हेच म्हणत होतो. वीस बाजूंच्या फाशात प्रत्येक आकडा यायची शक्यता सारखीच, ५ टक्के. १५ किंवा वर म्हणजे सहा आकडे, ३० टक्के. म्हणजे तुमची पोरगी दहापैकी सात वेळा आपटणार. पुस्तकात ते १५ अशा खेळाडूसाठी आहे ज्याच्या पात्राला कौशल्याचे ५-६ गुण वरून मिळतात. तिला ते मिळालेच नाहीत.

१० मागा. १० ते २० अकरा आकडे, ५५ टक्के. तिच्या आवडीच्या कामाला वरून ३ द्या, ७० टक्के. मी शाळेत शिकवतो, सातवी-आठवीला. मूल दहात सात वेळा जिंकलं की तीन वेळा हरणं हसत घेतं, उलट झालं की वही मिटतं. गणितातही तेच आणि इथेही तेच.

आणि साध्या लुडोच्या दोन फाशांनी खेळलात तर मजा आणखी. दोन फाशांची बेरीज ७ यायला ३६ पैकी ६ वाटा, २ किंवा १२ यायला एकेकच. मधले आकडे जास्त येतात, टोकाचे क्वचित, त्यामुळे १२ आला की घर डोक्यावर घेतात. माझ्या पुतण्याला शक्यता हा धडा पुस्तकाने समजला नव्हता, ड्रॅगनच्या गुहेत समजला.

मोरभवन_स्टॉप

मला एक कळत नाही, आपण लहानपणी घर-घर, चोर-पोलीस, राजा-राणी खेळलोच नं? कोणी नियमाची पुस्तकं दिली होती? आता त्याला फासा लावून, इंग्रजी नाव देऊन पुन्हा विकत घ्यायचं. मुलांना मोकळं खेळू द्या, आईबापाने मध्ये बसायची गरज काय?

वीस_बाजू

आठवा, चोर-पोलिसात भांडण कुठे व्हायचं. "ठो, तू मेला." "नाही, लागलीच नाही मले." "लागली." आणि मग धक्काबुक्की, मग कोणाची तरी आई बाहेर. ते भांडण फासा मिटवतो. दादा म्हणतो म्हणून नाही, आई म्हणते म्हणूनही नाही, सगळ्यांसमोर पडला तो आकडा. ८ आणि १२ च्या भावंडांत असा तिसरा न्यायाधीश फार कामाचा.

आईबापाने बसायचं कारण तुम्ही स्वतः बसलात की कळेल. आपण दिवसभर पोरांना सांगत असतो, जेव, आवर, अभ्यास कर. इथे तासभर फक्त विचारायचं असतं आणि उत्तर येईस्तोवर थांबायचं असतं.

सदरची_सई

वरच्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला आली.

माझा मुलगा ९ वर्षांचा, बोलताना अडखळतो. शाळेत हात वर करत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत. त्याच्या बाबांनी हा खेळ सुरू केला तेव्हा पहिले तीन रविवार तो फक्त फासा टाकायचा आणि मान हलवायचा. आम्ही ठरवलं होतं की त्याचं वाक्य कोणी पूर्ण करायचं नाही. चौथ्या रविवारी दारावरचा शिपाई विचारतो (म्हणजे बाबा विचारतात), "कोण तुम्ही?" आम्ही थांबलो. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. तो अडखळला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळला, आणि मग एकदम जाड आवाज काढून म्हणाला, "मी ह्या किल्ल्याच्या मालकाचा डॉक्टर आहे, घोडा आजारी आहे, बाजूला हो." जाड आवाजात एकदाही अडखळला नाही. बाबा इतके गडबडले की फासा न टाकताच आत सोडलं.

हा उपचार आहे असं मी म्हणत नाही, स्पीच थेरपी चालूच आहे. पण थांबणं हे आम्ही ह्या खेळाने शिकलो. त्याच्यासाठी आधी कोणी इतकं थांबलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

गणिताची_वही

सई, हे उद्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवतो, चालेल नं?

सदरची_सई

वाचा. शाळेचं नाव विचारलं तर मात्र सांगू नका :)

महालची_आजी

मी ७१ वर्षांची, महालात वाढली. सूनबाईच्या सासूबाईंचा राग मला कळतो, आमच्या घरीही फासे म्हटले की आई द्रौपदीचं नाव काढायची. पण द्यूतात वाईट काय होतं, फासा की पण लावणं? बायको पणाला लावली हे पाप. पैसे नाहीत, वस्तू नाही, मग तो फासा फक्त देवाचा कौल. त्यांना माझं नाव सांगून सांगा.

आम्ही काय खेळायचो माहीत आहे का? चिंचोके. चिंचोका दगडावर घासून किंवा फोडून दोन फाका करायच्या, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. पाच फाका मुठीत खुळखुळवून टाकायच्या आणि पांढऱ्या मोजायच्या. कवड्या असल्या तर कवड्या. तुमच्या ह्या खेळातही चालतील की, तीन पांढऱ्या आल्या की जमलं. विकतचा फासा हरवला तर पोरं रडतील, चिंचोके डब्यात किलोभर असतात.

दुसरं, मारामारीचं. नागपूरच्या पोरांना राक्षस बाहेरून का आणता? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, मागे बडगे. त्या वर्षी लोकांना ज्याचा त्रास झाला त्याचा बडग्या करतात, महागाईचा, डेंग्यूचा. आणि गर्दी ओरडते, रोगराई घेऊन जा गे मारबत. तलवारीने कोणी मारत नाही बडग्याला. त्याला गावभर फिरवतात, सगळ्यांना दाखवतात आणि मग गावाबाहेर नेऊन जाळतात. मुलीला विचारा, तुला यंदा कशाचा त्रास झाला? तिने सांगितलं तो राक्षस. आणि त्याला गावाबाहेर कसं न्यायचं हा खेळ.

वीस_बाजू

आजी, पंचवीस वर्षं हा खेळ खेळून राहिलो, इतका चांगला सल्ला कोणी दिला नव्हता.

इतवारीचा_दगड

सगळे एकाच बाजूने बोलून राहिले म्हणून मी दुसऱ्या बाजूने बोलतो. मरण काढून टाकू नका बाप्पा. पोरांना हरायची सवय पाहिजे. माझ्या मुलीचं पात्र आठ महिने खेळल्यावर मेलं, ती दोन दिवस जेवली नाही धड, पण तिसऱ्या दिवशी तिने स्वतः त्या पात्रासाठी समाधी काढली वहीत, त्यावर नाव लिहिलं, आणि नव्या पात्राला त्या समाधीवर फूल वाहायला लावलं. सगळंच गोड केलं की गोष्टीत जीव राहत नाही.

सदरची_सई

तुमची मुलगी किती वर्षांची?

इतवारीचा_दगड

१४.

सदरची_सई

मग तुमचं बरोबर आहे, पण १४ चं बरोबर आहे. आठ महिने सोबत राहिलेलं पात्र आणि पहिल्याच दिवशी पहिल्याच मारात गेलेली परी, दोन्ही सारखी कशी? ८ ला शून्य झालं की दमून बसली, पुढच्या प्रसंगात उठली, एवढं पुरे.

इतवारीचा_दगड

हे मान्य. पण किंमत काहीतरी मोजायला लावा. कंदील विझला, वाट चुकली, राक्षसाने चप्पल पळवली, काहीही.

वीस_बाजू

अगदी. काही नव्या खेळांत हे नियमातच आहे. दोन फासे टाकायचे, १० किंवा वर बेरीज आली की पूर्ण जमलं, ७ ते ९ आली की जमलं पण काहीतरी मोजून, ६ आणि खाली म्हणजे फजिती. ७ ते ९ मध्येच खरी गोष्ट असते. दार उघडलं, पण आवाज झाला. गणिताची_वही, टक्के सांगा.

गणिताची_वही

१० आणि वर ३६ पैकी ६, म्हणजे १७ टक्के. ७ ते ९, ३६ पैकी १५, साधारण ४२. फजितीही १५. लहान मुलांना वरून १ किंवा २ द्याच.

धंतोलीची_ताई

मोठा धाकटीला बोलू देत नाही, ह्याला कोणी नीट उत्तर दिलं नाही म्हणून लिहिते. माझ्याकडे तीन आहेत, ६, ९ आणि १३.

पहिली गोष्ट, धाकटीला कच्चा लिंबू करू नका. (कोणी लिंबूटिंबू म्हणतात, तेच.) तिला सगळं माफ केलं की मोठ्याला तिचं खेळणं खोटं वाटतं आणि मग तो गप बस म्हणतो. तिचा फासा खरा, तिचं चुकणंही खरं. फक्त तिच्याकडे अशी एक गोष्ट द्या जी दादाकडे नाही आणि ज्याशिवाय त्याचं अडेल. आमच्याकडे सहा वर्षांच्या मुलाला एकट्यालाच प्राण्यांची भाषा येते. दादा १३ वर्षांचा, मिसरूड फुटून राहिली, आणि धाकट्याला विनवतो, विचार नं त्या घुबडाला, प्लीज विचार.

दुसरी, पाळी. गोल फिरवा. ज्याची पाळी नाही त्याने सुचवायचं नाही, विचारलं तरच सांगायचं.

तिसरी, टाइम प्लीज. अंगठा चाटून टाइम प्लीज म्हणायचो आठवतं का? तेच ठेवा. बाहेरचे लोक टेबलावर एक्स काढलेलं कार्ड ठेवतात, कोणालाही गोष्ट नको त्या दिशेला जातेय असं वाटलं की कार्डाला हात लावायचा, कारण न विचारता प्रसंग बदलायचा. आमच्या पोरांना कार्ड परकं वाटलं, टाइम प्लीज लगेच कळलं. सहा वर्षांच्याने एकदा विहिरीच्या प्रसंगात म्हटलं. का ते आजवर विचारलं नाही.

मोरभवन_स्टॉप

वर विरोध केला होता, आता सगळं वाचून राहिलो. एक प्रश्न, जो गोष्ट सांगतो त्याला काय म्हणता? डंजन मास्टर घरात कसंतरी वाटतं.

वीस_बाजू

आम्ही डीएमच म्हणतो, सवय.

सदरची_सई

सूत्रधार. आयता शब्द आहे आपल्याकडे.

इतवारीचा_दगड

सूत्रधाराला शेवट माहीत असतो पण. इथे कोणालाच नसतो. माझी पोरगी "सांगणारा" म्हणते.

धंतोलीची_ताई

मराठीत खेळतं का कोणी, हाही प्रश्न होता. आमची पोरं इंग्रजी माध्यमाची, पहिले दिवस "आय अटॅक" चालायचं. आजोबा खेळायला बसले आणि त्यांना कळेना, तर आपोआप मराठी सुरू झालं. आता आमचा कोळी म्हणजे वऱ्हाडी बोलणारा कोळी आहे, "काऊन आला रे माह्या घरी?" पोरं हसून हसून लोळतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बसवा, भाषा आपोआप येते.

कूलरसमोर

तीन आठवड्यांनी येऊन राहिली, सगळ्यांचं वाचलं होतं पण आधी करून पाहायचं होतं.

मुलीला विचारलं, तुला यंदा कशाचा त्रास झाला. मला वाटलं शाळेचं काही सांगेल. म्हणाली, कूलरचा. रात्री तो घर्र करतो तेव्हा आत कोणी बसलंय असं वाटतं, म्हणून ती पांघरूण डोक्यावरून घेते, ४५ डिग्रीत. दोन उन्हाळे तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं.

तर आमचा राक्षस कूलरमध्ये राहतो, त्याचं नाव घर्रासूर, तिनेच ठेवलं. मुलगा शूर शिपाई, मुलीची परी तीच, आता तिला यंत्रांची भाषा येते (ताई, तुमच्याकडून उचललं). परी तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीवर बसते, तो आम्ही खरंच टेबलावर ठेवला. १० च मागितले. सासूबाईंना महालच्या आजींचं पणाचं म्हणणं सांगितलं, त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वाटीत चिंचोके फोडून ठेवले होते.

मुलाने पहिल्याच पाळीला तलवार काढली. फासा ४. राक्षसाने त्याच्यावर पाणी उडवलं. मग धाकटीची पाळी. मी विचारलं, काय करतेस? बराच वेळ गप्प. मोठा तोंड उघडणार तेवढ्यात मी बोट दाखवलं. ती म्हणाली, "मी त्याला विचारते, तुला तहान लागली आहे का?" फासा १७.

आता मला उत्तर द्यायचं होतं आणि माझ्याकडे काहीच तयार नव्हतं. सासूबाई पाळण्यावरून म्हणाल्या, "हो म्हणतो तो. म्हणतो, चार वर्षांपासून ताट्या बदलल्या नाहीत माझ्या, गवत सडलंय, घसा बसलाय माझा." सगळे त्यांच्याकडेच पाहून राहिलो. त्यांनी चिंचोके हातात घेतले आणि म्हणाल्या, मी घर्रासूर आहे आता.

खेळ तिथेच थांबला, कारण दोन्ही पोरांना ताट्या आत्ताच्या आत्ता बदलायच्या होत्या. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर बाबांसोबत जाऊन वाळ्याच्या नव्या ताट्या आणल्या, जुन्या काढल्या तर खरंच काळं पडलेलं गवत आणि पंपात कचरा. मुलगी पूर्ण वेळ कूलरशी बोलत होती. आवाज अजून येतो, पण कमी. रात्री पांघरूण पायाशी असतं.

मोठ्याचं पूर्ण सुटलेलं नाही, अजून मध्ये बोलतो, पाळी मोडतो. त्यावर काम चालू आहे.

महालची_आजी

तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. जुन्या ताट्या फेकल्या का?

कूलरसमोर

नाही, पोरांनी गच्चीवर ठेवल्यात. पोळ्यानंतर त्यांचा बडग्या करायचा म्हणतात.

मोरभवन_स्टॉप

आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, तोही रात्री शिट्टी वाजवतो. रविवारी बसतो पोरांना घेऊन. पहिलं वाक्य काय बोलायचं तेवढं सांगा कोणी.

सदरची_सई

"लाइट गेली आहे. अंधारात कोणीतरी शिट्टी वाजवतंय. काय करता?" आणि मग गप्प बसा.